बायची सही

आमच्याकडे दुधाचा धंदा होता तेव्हाची गोष्ट आधी सांगतो. त्याशिवाय पुढची कळायची नाही.

खारबाव स्टेशनपासून पाऊण तास चालत आत आमचं घर. वडील पहाटे तीनला उठून म्हशी पिळायचे आणि सायकलीला दोन कॅन लावून भिवंडीला जायचे. गिऱ्हाईक सगळं लूमच्या गल्लीतलं. रात्रपाळी सुटली की कामगाराला चहा लागतो, त्यामुळे हॉटेलवाल्यांना दूध उजाडायच्या आत पाहिजे. १९७७ साली मी दहावी झालो. पुढं शिकवायची घरची ऐपत नव्हती. सायकल माझ्याकडे आली.

दुधात पाणी घालणं ही आमच्या धंद्यात चोरी समजली जात नसे. घालणारा तर म्हणायचा, गिऱ्हाईक तेवढं धरूनच भाव ठरवतं. मी पहिला महिना काही केलं नाही. दुसऱ्या महिन्यात विहिरीशी सायकल उभी करून एका कॅनमध्ये एक तांब्या घातला. कोणाला कळलं नाही. मग दोन तांबे. महिन्याअखेर माझ्याजवळ वडिलांना माहीत नसलेले अकरा रुपये होते, आणि मी भिवंडीला जाऊन त्यातल्या दोन रुपयांचा सिनेमा पाहून आलो. सिनेमा चांगला होता, हेही सांगून टाकतो.

वडिलांना कळलं ते चिखलामुळे. सायकलीचा स्टँड विहिरीच्या काठाला रोज एकाच जागी रुतायचा. पहाटे भरल्या कॅनची सायकल विहिरीशी कशाला थांबते, हे ओळखायला शाळा लागत नाही. ते मला काही बोलले नाहीत. आमच्याकडे रात्री जेवणाआधी रोजरी व्हायची. घरात आई, वडील, मी आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान बहीण, जिला सगळे बायच म्हणायचे. त्या रात्री वडील म्हणाले, आज तू सांग, आम्ही मागनं म्हणतो. मी सुरू केलं. आमच्या बापाची प्रार्थना म्हणताना परीक्षेत नेऊ नकोस असं मागणं येतं, तिथं पोचलो तर ते म्हणाले, "थांब. ते परत म्हण."

मी परत म्हटलं. "परत म्हण." तिसऱ्यांदा माझा आवाज फुटेना. बाय हसायला लागली, तिला वाटलं मी विसरलो. वडील म्हणाले, "पुढं चल." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून सायकल विहिरीशी थांबली नाही.

पुढची तीस वर्षं मी असं समजत होतो की मोह म्हणजे काय ते मला कळलं. मोह म्हणजे तांब्या. तो हातात असतो, आपण तो विहिरीत सोडायचा नाही, झालं. श्रद्धा म्हणजे आपला हात धरणारा वडिलांचा आवाज. मी काही मोठा धर्मशील माणूस नव्हतो, पण माझा हात धरलेला आहे असं मला वाटायचं.

आम्ही इथले कसे, तेही सांगायला हवं, कारण भिवंडी तालुक्यात ख्रिस्ती शेतकरी म्हटलं की लोक दोनदा विचारतात. आजोबा वसईकडचे. तिथं जमीन पोटापुरती नव्हती म्हणून इकडे एका सावकाराची भातजमीन कसायला घेतली. या तालुक्याचं आणि वसईचं नातं तसं जुनं. आमच्या अणजूरच्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांना वसईच्या मोहिमेत साथ दिली, आणि १७३९ साली वसई पोर्तुगीजांच्या हातून गेली. चिमाजी अप्पांनी त्या विजयासाठी बोललेला नवस फेडायला वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं. ते देऊळही आमच्याच तालुक्यात. गावातले म्हातारे थट्टेनं आजोबांना म्हणायचे, तुमचा किल्ला आम्ही घेतला, आता तुम्ही आमची शेतं कसायला आलात. आजोबा म्हणायचे, किल्ला पोर्तुगीजांचा होता, आमचं तिथं केळीचं बनसुद्धा नव्हतं.

मग कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरला गेला आणि कसणारा जमिनीचा मालक झाला. आजोबांच्या नावावर एक एकर बारा गुंठे चढलं. आजोबांमागे ते वडिलांच्या नावावर आलं. वडील सातबारा देवाच्या तसबिरीमागे ठेवायचे. ज्या कायद्यानं कागदावर नाव नसलेल्या माणसाला जमीन दिली त्याच जमिनीवरून एक नाव पुसायला मी निघालो होतो. पण ते पुढं.

वडिलांची आणखी एक आठवण सांगतो. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडीत दंगल पेटली. १९७० ची आम्ही ऐकली होती, ही डोळ्यांनी पाहिली. म्हणजे गावातून रात्री आकाश लाल दिसायचं ते पाहिलं. आमची अर्धी गिऱ्हाईकं मुसलमान. संचारबंदी सैल झाली तेव्हा गावात बोलणं सुरू झालं की तिकडे दूध घालायचं नाही. कोणी दम दिला नाही, फक्त चार जण पारावर बसलेले असताना एकानं म्हटलं. वडील दुसऱ्या पहाटे स्वतः सायकल घेऊन गेले, मला जाऊ दिलं नाही. परत आले तेव्हा दोन्ही कॅन रिकामे होते. आईनं विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाले, "वाटली की. दूध नासलं असतं."

त्यांच्या श्रद्धेचं एवढंच बोलणं होतं. दूध नासलं असतं.

वडील १९९६ ला गेले, आई त्यानंतर दोन वर्षांनी. आमची वारसनोंद झाली. गावात बाकी घरांमध्ये रीत अशी होती की बाप गेला की बहिणींना बोलवायचं, साडीचोळी करायची आणि हक्कसोडीच्या कागदावर सही घ्यायची. बहिणीही द्यायच्या, नाही दिली तर माहेर तुटतं. आमच्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. म्हणून सातबाऱ्यावर माझ्या नावाखाली बायचं नाव चढलं. ती वसईला पापडीच्या पुढं दिलेली, नवरा लवकर गेला, दोन मुलं, शिवणकाम करून घर चालवायची. जमीन मी कसायचो, दर वर्षी दोन गोणी तांदूळ आणि एक पायली वाल तिला पोचवायचो. तिनं कधी हिशोब विचारला नाही, मी कधी दिला नाही.

त्यानंतर दहा वर्षांत आमचा तालुका ओळखू येईना. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली, जिकडे पाहावं तिकडे गोदामं. मुंबईत उतरणारा माल ठेवायला जागा हवी, जकात चुकवायला मुंबईच्या हद्दीबाहेर हवी, आणि नाशिकचा हायवे दारात. भाताच्या खाचरात मुरमाचे डंपर ओतले जायला लागले. ज्याच्याकडे वीस गुंठे तो लखपती. गावात पोरांच्या गळ्यात सोन्याच्या साखळ्या आल्या, आणि त्यातली काही पोरं त्या साखळ्यांसकट तिशीच्या आत दारूनं गेली. मला त्या पैशाचा मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही, पण तो तांब्याचा मोह होता. ओळखीचा. मी विहिरीशी थांबलो नाही.

२००८ साली बायकोच्या पायांना सूज आली. आधी वाटलं लावणीत चिखलात उभं राहून आली. मग तोंड सुजलं. तपासण्या झाल्या आणि कळलं की दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पहाटे निघायचं, रिक्षानं भिवंडी, तिथून दुसरी गाडी, काल्हेर-कशेळीवरून ठाणे, चार तास मशीन, आणि परत येताना ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली. गोदामांच्या ट्रकांमुळे त्या रस्त्यावर गाडी तास-तास उभी राहायची. एका खेपेला सगळं धरून दीड-दोन हजार जायचे. भाताचं वर्षाचं उत्पन्न दोन महिन्यांत संपलं. पहिली म्हैस गणपतीत विकली.

मी बांद्र्याला मोतमाउलीला जाऊन आलो. तिथं पायऱ्यांशी मेणाचे हात, पाय, बाहुल्या मिळतात, ज्याचं जे दुखतं ते वाहायचं. मी मेणाची बाई घेतली. चिमाजी अप्पांचा नवस आणि माझा नवस यात काय फरक, असं येताना गाडीत मनात आलं. त्यांनी किल्ला मागितला, मी बायको मागितली. दोघांचाही सौदाच. देवाशी सौदा करायची सवय लागली की माणसाशी करायला वेळ लागत नाही, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

एजंट आमच्याच तालुक्यातला पोरगा. गुंड नाही, दमदाटी नाही. मला काका म्हणायचा. बायकोला ठाण्याहून आणायला दोनदा स्वतःची गाडी पाठवली त्यानं. म्हणाला, काका, पार्टी तयार आहे, कलम ४३ ची परवानगी मी काढतो, तुम्ही फक्त सह्या द्या. काकीचं ऑपरेशनसुद्धा होऊन जाईल, मूत्रपिंड बदलता येतं आता. मी म्हटलं, बायचं नाव आहे. तो म्हणाला, "मग तिची सही आणा. कुलमुखत्यारपत्र करू. तिला सगळं सांगत बसू नका, बायका घाबरतात. म्हणा, काकीच्या उपचाराला बँकेचं कर्ज काढायचंय. आणि खोटं काय त्यात? पैसा उपचारालाच जाणार."

मी पन्नास हजार टोकन घेतलं.

वसईत ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ उभी केली तेव्हा बायचा नवरा त्यांच्या सभांना जायचा. त्यांच्या घरी 'सुवार्ता' मासिक यायचं, मीही तिथं गेलो की वाचायचो. तिथल्या लोकांसमोर जमीन गिळायला बसलेला माणूस स्पष्ट दिसत होता. फादरांना धमक्या आल्या, ते मागे हटले नाहीत, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. पण मला मनातून नेहमी वाटतं, समोर गुंड असला की श्रद्धेला उभं राहायला जागा मिळते. माझ्यासमोर गुंड नव्हता. माझी आजारी बायको होती, एक गोड बोलणारा पोरगा होता आणि स्टँपपेपर होता.

आपल्याला मोहाची चित्रं चुकीची दाखवलेली असतात. सैतानाला शिंगं काढतात, आणि मोह म्हणजे दारू, बाई, जुगार. पण मत्तयच्या शुभवर्तमानात येशूची रानात परीक्षा झाली ती कशापासून सुरू होते पाहा. चाळीस दिवसांचा उपाशी माणूस, आणि त्याला सांगितलं जातं, या दगडांची भाकर कर. भाकर मागणं पाप आहे का? पहिला मोह भाकरीचा आहे, भुकेचा आहे, खऱ्या गरजेचा आहे. डोंगरावर नेऊन सगळी राज्यं दाखवणं वगैरे नंतरचं. आमचा एजंट मला एकदम डोंगरावर घेऊन गेला असता तर मी खाली उतरून आलो असतो. त्यानं भाकरीपासून सुरुवात केली.

खारबावहून वसईची गाडी पकडली. कामण, जुचंद्र, वसई रोड. पिशवीत दोन किलो वाल, सुकट आणि तो कागद. बाय मशीनवर बसली होती. मला पाहून उठली, चहा ठेवला, वहिनीचं विचारलं, डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, तिच्या उपचारासाठी कर्ज काढायचंय, तुझी सही लागते. ती हात पुसत आली. मी म्हटलं, वाचून घे. हे म्हणताना मला माहीत होतं की ती वाचणार नाही. ती म्हणाली, "तू आणलंस ना दादूस, मग मी कला वाचू?" आणि तीन ठिकाणी सही केली. तिची सही शाळेतल्या पोरीसारखी, अक्षर अक्षर सुटं.

वाचून घे म्हटलं, हा माझा मोठा आधार होता. परत येताना गाडीत मी तेच घोकत होतो. मी सांगितलं होतं वाचायला. पैसा उपचारालाच जाणार. तिचा वाटा मी नंतर देईनच. जमीन कसली कोणी? तांदूळ पोचवला कोणी? एकेक कारण खरं होतं. कामणला गाडी थांबली तेव्हा माझ्याजवळ सात-आठ खरी कारणं जमली होती, आणि छाती अशी जड झाली होती की दम लागत होता.

घरी रात्री रोजरी मी एकटाच म्हणायचो, बायको पडून ऐकायची. त्या रात्री परीक्षेच्या मागण्यापाशी मी आलो आणि थांबलो. वडील मरून बारा वर्षं झाली होती. कोणी परत म्हण म्हणालं नाही. पण ते मागणं आता म्हणायचं कसं? परीक्षा येऊन गेली होती, मी नापास होऊन घरी आलो होतो. मत्तयच्या जुन्या मराठी भाषांतरात त्याच्या आधीच्या मागण्यात पापाला ऋण म्हटलं आहे. शेतकऱ्याला हा शब्द लगेच कळतो. ऋण म्हणजे कोणाचं तरी आहे आणि आपल्याकडे आहे.

बायको म्हणाली, "काय झालं?"

मी सांगितलं. सगळं, टोकनसकट. मला वाटलं ती रडेल, किंवा म्हणेल, माझ्यासाठी केलंस. ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सही घेताना मला इचारलं होतंस का?" नाही म्हटलं. "मग माझं नाव कला पुढं करतोस?"

त्यानंतर ती भिंतीकडे वळून झोपली.

आज विचार केला तर श्रद्धेनं माझ्यासाठी नेमकं काय केलं याचं उत्तर मला फार लहान सापडतं. तिनं मला वाचवलं नाही. स्टँपपेपर पिशवीत घालताना ती आडवी आली नाही. गाडीत एकही देवदूत चढला नाही. तिनं एवढंच केलं की मी जे केलं त्याला दुसरं नाव देऊ दिलं नाही. कारणं सगळी खरी होती, पण ती रात्री म्हणून दाखवता येईनात. ज्याला रोज एका ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शब्दांत उभं राहावं लागतं, त्याला स्वतःशी खोटं बोलायला जरा अडचण होते. हे ख्रिस्ती माणसालाच होतं असं नाही. आमच्या शेजारचा माळकरी रोज हरिपाठ म्हणतो. त्यानं एकदा बांध चार बोटं सरकवला आणि पंढरीला जायच्या आदल्या रात्री कंदील घेऊन परत मागे घेतला. मी पाहिलं, त्यानंही मला पाहताना पाहिलं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

त्या रविवारी मी वसईला देवळात गेलो आणि पापनिवेदन केलं. फादर म्हातारे होते. मला वाटलं, दहा आवे मारी सांगतील, मी मोकळा होईन. ते म्हणाले, "बहिणीचं घर इथून किती लांब?" म्हटलं, वीस मिनिटं. "मग आधी तिकडे जा. मी मिस्सा संपल्यावरही इथंच आहे." वेदीशी देणगी घेऊन आलेल्याला भावाची आठवण झाली तर देणगी तिथंच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असं येशू सांगतो, ते मी कितीदा ऐकलं असेल. इतकं सरळ ऐकलं नव्हतं.

बायला सांगितलं. तिची मोठी दोन्ही मुलं घरात होती. ती काही बोलली नाही. कागद मी तिच्या हातात दिला. मोठा मुलगा बोलला, आणि त्याचं बोलणं खरंच होतं. तो म्हणाला, मामा, आईचा वाटा विकायचा तर आम्ही ठरवू, आता नाही विकायचा. मी बायकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. चहाही झाला नाही त्या दिवशी.

इथपर्यंत सांगितलं की लोकांना वाटतं पुढं काही चांगलं झालं असेल. उपदेशाच्या गोष्टींत होतं तसं. जक्कय झाडावरून उतरतो, लुबाडलेल्यांना चौपट परत देतो आणि त्याच्या घरी तारण येतं. माझ्या घरी एजंट आला. टोकनातले बत्तीस हजार डायलिसिसला गेले होते. उरलेल्या दोन म्हशी विकल्या, बायकोच्या कानातलं गेलं, आणि पन्नास हजार त्याच्या हातावर ठेवले. तो रागावला नाही. म्हणाला, काका, काकीचा विचार करायचा होता. हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

बायको चौदा महिने जगली.

मी व्यवहार पुरा केला असता तर? मूत्रपिंड बदललं असतं? मिळालं असतं का, टिकलं असतं का, कोणाला ठाऊक. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असा विचार करू नका. म्हणजे त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं. पन्नाशीनंतर मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलं. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकायचे, आणि घरात उद्याच्या जेवणाचं काय ते लक्ष्मीबाईंनी पाहायचं. लोक ते वाचून हसतात, हसण्यासारखं आहेही. मी वाचताना थांबत होतो. नवऱ्याच्या श्रद्धेचा खर्च कोणी भरला? माझ्या स्वच्छ मनाचा खर्च कोणी भरला? बायकोनं सांगितलं होतं माझं नाव पुढं करू नको, ते तिचं मोठेपण. पण मी शांत झोपायला लागलो ते तिच्या औषधांच्या पैशांवर, हेही तितकंच खरं. यावर फादरांनी मला पुष्कळ सांगितलं. त्यातलं काही पटलं, काही नाही.

ईयोबाची गोष्ट मला शेवटी पटत नाही. सगळं गेलं, तो टिकून राहिला, म्हणून देवानं मेंढरं आणि उंट दुप्पट दिले. मुलं मात्र दहाच्या जागी दहाच. मी गुरं राखलेला माणूस आहे. गुरं दुप्पट करून देता येतात. पण आधीची दहा मुलं कुठं आली परत? लिहिणाऱ्यालाही बहुतेक ते ठाऊक असावं, म्हणून त्यानं मुलांचा आकडा वाढवला नाही. आणि तिथंच, अगदी शेवटाकडे, एक गोष्ट आहे जी मी बायकोच्या आजारात वाचली असती तर बरं झालं असतं. ईयोबानं आपल्या मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतनात वाटा दिला. एवढं सोसल्यावर त्याला तेवढं कळलेलं दिसतं.

बाय वर्षभर आली नाही. बायको शेवटचे पंधरा दिवस अंथरुणावर होती तेव्हा एका सकाळी ती पिशवी घेऊन दारात उभी. मला काही न बोलता आत गेली, वहिनीला अंघोळ घातली, केस विंचरले, आणि शेवटपर्यंत राहिली. दोघी रात्री हळू काहीतरी बोलायच्या. मी ओटीवर असायचो. काय बोलत ते मला कळलं नाही, आणि ते मला सांगायचं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

२०१६ साली बायच्या मुलांनी तिचा सव्वीस गुंठ्यांचा वाटा विकला. रीतसर मोजणी झाली, परवानगी झाली, तीही सहीला आली, या वेळी चष्मा लावून सगळा कागद वाचला तिनं. मी साक्षीदार होतो. तिथं आता पत्र्याचं गोदाम आहे. माझ्या उरलेल्या सव्वीस गुंठ्यांत पावसात त्याचं पाणी उतरतं आणि भात पिवळा पडतो. मुलानं घर बांधलं, बायला वरची खोली दिली. मी अजून भात लावतो. एजंट अजून येतो, तोच, आता केस पांढरे झालेत. तो मला काका म्हणतो, मी त्याला चहा देतो.

२ नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो. बाय दर वर्षी येते. बायकोच्या थडग्यावर आम्ही मेणबत्त्या लावतो, झेंडूची फुलं ठेवतो, आमच्या बापाची प्रार्थना म्हणतो. मागच्या वर्षी वारा होता, मेणबत्ती टिकेना. ती हातांचा आडोसा करून बसली होती. अचानक म्हणाली, "तो कागद अजून माझ्याकडं हाय, दादूस. प्रार्थनेच्या पुस्तकात."

मला वाटत होतं तिनं तो तेव्हाच फाडला असेल. कशाला ठेवलास, हे मी विचारलं नाही. मेणबत्ती नीट पेटल्यावर आम्ही उठलो. तिची साडेपाचची गाडी होती, तिला स्टेशनवर सोडलं.